मोडीत निघालेल्या लाकडातून घरगुती फर्निचर कसे करावे

नवे लाकूड विकत आणून फर्निचर करायचे असेल, तर आधी आराखडा काढला जातो आणि त्या मापाचे लाकूड मागून येते. मोडीतल्या लाकडाच्या बाबतीत हा क्रम उलटा ठेवावा लागतो. हाताशी आलेल्या तुकड्यांची लांबी, जाडी आणि अवस्था आधी पाहावी आणि त्यातून काय होऊ शकेल ते मग ठरवावे. जुन्या दरवाजाच्या चौकटीतून उत्तम बाक होतो, कारण त्याच्या पायांना लागणारी जाडी चौकटीच्या लाकडात आयतीच असते. त्याच चौकटीच्या फळ्या काढून कपाट करायला गेले, तर निम्मे लाकूड भुशात जाते आणि करवतीची धार जाते ती वेगळीच. डच रचनाकार गेरिट रिटफेल्ट यांनी १९३४ साली पॅकिंगच्या पेट्यांना वापरतात तसल्या साध्या फळ्यांची खुर्ची तयार केली. सरळ कापलेल्या फळ्या एकमेकींना जोडण्यापलीकडे तिच्यात काही कलाकुसर नव्हती आणि तरीही ती आजवर वाखाणली जाते. कमीत कमी कापून जास्तीत जास्त उपयोग साधणे हीच या कामातली खरी हुशारी आहे.

निवड: काय घ्यावे आणि काय सोडून द्यावे

जुने दरवाजे, खिडक्यांच्या झडपा, चौकटी, मोडलेले पलंग, पॅकिंगच्या पेट्या आणि माल वाहण्याची पॅलेट ही घरगुती कामासाठी सर्वांत सोयीची सामग्री होय. यांपैकी चौकटी आणि पलंग यांचे लाकूड बहुधा उत्तम असते. वर्षानुवर्षे घरात राहून ते पुरते वाळलेले असते, त्याला जो पीळ पडायचा तो पडून गेलेला असतो, आणि पुढे ते फारसे वाकत नाही. प्लायचा तुकडा कडेला सुटलेला नसेल तर फळी म्हणून चालतो. भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या मात्र नादी लागू नये. त्या एकदा पाण्याने फुगल्या की पूर्ववत होत नाहीत, आणि जुन्या भोकात स्क्रू पुन्हा पकड घेत नाही.

लाकूड उचलण्यापूर्वी दोन परीक्षा कराव्यात. पहिली, टोकदार पेचकस लाकडात दाबून पाहावा. निकोप लाकडात तो जेमतेम टेकतो, कुजलेल्या लाकडात सहज रुततो, आणि वाळवीने आतून पोखरलेल्या लाकडात वरचा पापुद्रा फुटून तो एकदम पोकळीत जातो. चौकटीचा जमिनीलगतचा वीतभर भाग हमखास असा असतो, म्हणून परीक्षा तिथूनच सुरू करावी. दुसरी, फळी उलटी करून जमिनीवर हलकी आपटावी. बारीक गोल भोकांतून पिठासारखा ताजा भुगा पडला, तर आत कीड जिवंत आहे असे समजावे आणि ते लाकूड घरात आणू नये. भोके जुनी, काळवंडलेली आणि कोरडी असतील, तर कीड बहुधा कधीच निघून गेलेली असते. तरीही असा तुकडा काही आठवडे बाहेर कोरड्या जागी काळ्या कागदावर ठेवून भुगा पडतो का हे पाहिलेले बरे.

पॅलेट घेताना त्यावरचा शिक्का वाचावा. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या लाकडी पॅकिंगवर कीडनाशाच्या प्रक्रियेची खूण उमटवलेली असते. तिच्यात गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाची दोन अक्षरे, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेची अक्षरे असतात. ‘एचटी’ या अक्षरांचा अर्थ असा की लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस तापमानाला सलग ३० मिनिटे ठेवलेले आहे. असे पॅलेट निर्धास्तपणे घ्यावे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले लाकूड, आणि ते फर्निचरसाठी वर्ज्य समजावे. शिक्का योग्य असला तरी पॅलेटवर काय सांडले होते हे तो सांगत नाही, त्यामुळे तेलकट डाग किंवा रसायनाचा वास असेल तर ते जागीच सोडावे.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आणि तारांचे खांब दिसायला कितीही भारदस्त असले तरी घरात आणू नयेत. त्यांना क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवण्यासाठीचे डांबरी तेल, पाजलेले असते, ते अंगाला लागणे आणि त्याची वाफ नाकात जाणे दोन्ही अपायकारक आहे. बाहेर वापरण्यासाठी आर्सेनिकयुक्त क्षार मुरवलेले, हिरवट झाक असलेले लाकूडही तसेच. ते कापू नये आणि त्याचे उरलेले तुकडे चुलीत तर मुळीच घालू नयेत. जुन्या तैलरंगात शिसे असण्याची दाट शक्यता असते. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ श्वासातून शरीरात जाते, आणि लहान मुलांना तिचा सर्वाधिक धोका असतो. रंगाचे अनेक थर चढलेला दरवाजा घरी घासत बसण्यापेक्षा तो न घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. लाकूड फारच चांगले असेल, तर रंग मऊ करणारे रसायन लावून तो ओला असतानाच खरवडावा आणि खरवड गोळा करून बंद पिशवीत टाकावी.

सुटे करणे आणि खिळे काढणे

या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग हाच आहे. घाईघाईने पहार घालून उचकटलेली फळी टोकाला फाटते आणि तिची कामाची लांबी वीतभर कमी होते. खिळा नेहमी मागून पुढे काढावा. मागे वाकवलेले टोक पक्कडीने सरळ करावे, त्यावर हातोडीने ठोकून डोके समोरून थोडे वर आणावे, आणि मग हातोडीच्या नखीत ते धरून उपसावे. उपसताना हातोडीखाली एखादी चिपाटी ठेवली, म्हणजे लाकडावर व्रण उमटत नाही आणि टेकू उंच झाल्यामुळे जोरही कमी लागतो. पॅलेटचे खिळे पिळाचे असतात आणि ते सरळ उपसू म्हटले तर फळी आधी फाटते. तिथे फळी आणि तिच्याखालचा ठोकळा यांच्या फटीत लोखंड कापायच्या करवतीचे पाते घालून खिळेच कापावेत. डोकी फळीतच राहतात, आणि पुढे पॉलिश केल्यावर त्यांचे काळसर ठिपके वाईट दिसत नाहीत.

गंजलेला स्क्रू निघत नसेल, तर आधी त्याच्या खाचेतला रंग आणि गंज अणकुचीदार खिळ्याने कोरून काढावा, पेचकस खाचेत घट्ट बसवून त्याच्या मुठीवर हातोडीचे एक-दोन ठोके द्यावेत, आणि स्क्रू प्रथम आवळण्याच्या दिशेने किंचित फिरवावा. गंजाची पकड एकदा तुटली की तो उलटा सहज फिरतो. बिजागऱ्या, कड्या-कोयंडे आणि पितळी मुठी जपून वेगळ्या ठेवाव्यात. जुन्या बिजागऱ्यांची जाडी पाहिली की त्या टाकण्याचे धैर्य होत नाही.

खिळे काढून झाल्यावर फळीच्या दोन्ही बाजूंवरून दोरीला बांधलेला लोहचुंबक अगदी जवळून हळूहळू फिरवावा. बिघडलेल्या स्पीकरमधला चुंबक यासाठी उत्तम. जिथे तो लाकडाकडे ओढला जाईल तिथे आत लोखंड आहे असे समजून खडूने गोल करावा. तुटून आत राहिलेले टोक निघत नसेल तर ते तसेच राहू द्यावे, पण त्या गोलावरून रंधा किंवा करवत चालवू नये. रंध्याचे पाते एका खिळ्याने इतके बोथट होते की अर्धा दिवस धार लावण्यात जातो. यंत्राच्या करवतीखाली खिळा आला तर उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून चष्मा आणि धुळीसाठी मुखपट्टी या दोन वस्तूंशिवाय कापायला बसूच नये.

बाहेरून आणलेले लाकूड ज्या खोलीत वापरायचे त्याच खोलीत, प्रत्येक थराखाली बारीक रिपा घालून, काही आठवडे रचून ठेवावे. लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि सोडते, आणि त्याबरोबर शिरांना आडव्या दिशेने फुगते व आक्रसते. लांबीच्या दिशेने हा फरक जवळपास शून्य असतो. हा एक नियम लक्षात ठेवला, तर सांधे उकलणे आणि फळ्या तडकणे यांपैकी बहुतेक प्रकार टळतात.

चौकटीच्या लाकडाचा बाक

आता एक वस्तू सविस्तर पाहू. दरवाजाच्या चौकटीचे उभे लाकूड साधारण दोन मीटर लांब असते. बाकाची बसण्याची उंची ४५ सेंटीमीटर धरली आणि वरच्या फळीची जाडी अडीच सेंटीमीटर असली, तर प्रत्येक पाय साडेबेचाळीस सेंटीमीटरचा हवा. चार पायांना मिळून १७० सेंटीमीटर लाकूड लागते. उरलेला वीतभर तुकडा म्हणजे नेमका तो जमिनीलगतचा कुजका भाग. म्हणून मापे वरच्या टोकाकडून घ्यावीत आणि खराब भाग शेवटी निकालात काढावा. दुसऱ्या उभ्या लाकडाला हात न लावता ते पुढच्या कामासाठी ठेवता येते.

पाय कापताना चारही एकाच मापाचे येतील याची काळजी घ्यावी. पहिला पाय मोजून कापावा आणि बाकीचे तीन त्यावरूनच आखावेत. प्रत्येक वेळी टेप लावली की पेन्सिलीच्या रेघेएवढी चूक दर खेपेस निराळी होते. रेघ गुण्याने, म्हणजे काटकोन आखायच्या साधनाने, चारही बाजूंवर फिरवून घ्यावी आणि करवत रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवावी. आडव्या पट्ट्यांसाठी पलंगाच्या बाजूच्या फळ्या किंवा पेटीच्या जाड पट्ट्या घ्याव्यात. त्यांची रुंदी आठ ते दहा सेंटीमीटर असावी आणि त्या उभ्या, म्हणजे रुंदी वर-खाली येईल अशा बसवाव्यात.

चौकटीच्या लाकडाला दरवाजाची झडप टेकण्यासाठी लांबभर एक खाच असते. पुष्कळ जण ती कुरूप वाटते म्हणून भरून काढतात किंवा रंध्याने उडवतात, आणि हे मला पटत नाही. पाय असे फिरवून उभे करावेत की ती खाच आतल्या बाजूला, बाकाच्या लांबीकडे येईल. लांब पट्टीचे टोक त्या खाचेत बसते आणि खाचेच्या कडेला भिडते. त्यामुळे बाक लांबीच्या दिशेने हलू लागला की तो धक्का एकट्या स्क्रूंना सोसावा लागत नाही. पट्टीच्या टोकाखाली, पायाला चिकटवून आणि स्क्रू मारून, बोटभर जाडीचा एक लहान ठोकळा बसवावा, म्हणजे वरून येणारे वजनही त्यावर टेकते.

जोडणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम दोन पाय आणि त्यांना जोडणाऱ्या दोन आखूड पट्ट्या, एक माथ्याशी आणि एक जमिनीपासून बारा-पंधरा सेंटीमीटरवर, अशी एका बाजूची चौकट करावी आणि मग तशीच दुसरी. वरच्या पट्टीची कड पायांच्या माथ्याशी समतल हवी. प्रत्येक चौकट सपाट जमिनीवर ठेवून तिचे दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे भरले तर कोन बरोबर आहेत. नसतील, तर लांब कर्णाच्या दिशेने दाब देऊन ते सारखे होईपर्यंत चौकट सरकवावी आणि त्याच स्थितीत गोंद वाळू द्यावा. दोन्ही चौकटी वाळल्या की लांब पट्ट्यांनी त्या एकमेकींना जोडाव्यात.

स्क्रूची लांबी पातळ तुकड्याच्या जाडीच्या सुमारे तिप्पट असावी, म्हणजे एक तृतीयांश वरच्या लाकडात आणि दोन तृतीयांश खालच्या लाकडात राहतो. जुने वाळलेले लाकूड कडक आणि ठिसूळ असते, म्हणून ड्रिलने आधी भोक पाडल्याशिवाय त्यात स्क्रू घालूच नये. खालच्या लाकडातले भोक स्क्रूच्या आट्यांच्या आतल्या दांड्याएवढे आणि वरच्या लाकडातले आट्यांसकट स्क्रू मोकळा जाईल एवढे पाडले की दोन्ही तुकडे एकमेकांवर घट्ट ओढले जातात. एकाच शिरेवर दोन स्क्रू आले की लाकूड त्या रेषेत फुटते, म्हणून ते थोडे वर-खाली मारावेत. फळीच्या कापलेल्या तोंडात, म्हणजे शिरांच्या टोकांमध्ये, स्क्रूची पकड कच्ची असते आणि गोंदही नीट धरत नाही. शक्य तिथे फळीच्या अंगावरच जोड घ्यावा.

गोंद साधा पांढरा, सुतारकामाचा चालतो, पण तो लाकडाला धरतो. रंगाला, मेणाला किंवा जुन्या पॉलिशला धरत नाही. ज्या जागी जोड येणार तिथे पटाशीने किंवा पॉलिश पेपरने नवे लाकूड दिसेपर्यंत खरवडणे अनिवार्य आहे. घरी केलेले फर्निचर वर्षभरात डुगडुगू लागते त्याचे हेच सर्वांत मोठे कारण असते. मोठे क्लॅम्प नसतील, तर जोडाभोवती दोरीचे दोन वेढे घ्यावेत, वेढ्यांमध्ये एक काठी घालून पीळ द्यावा आणि काठी एखाद्या पट्टीला अडकवून ठेवावी. कोपऱ्यांवर दोरी रुतू नये म्हणून खाली पुठ्ठा ठेवावा. जोडातून गोंदाचे बारीक थेंब सलग ओळीत बाहेर आले की दाब पुरेसा झाला. ते थेंब ओल्या फडक्याने लगेच पुसावेत, आणि बाकावर एक पूर्ण दिवस कोणाला बसू देऊ नये.

बसायच्या फळ्या शेवटी लावाव्यात. त्या पायांच्या माथ्यावर आणि आखूड पट्ट्यांवर थेट टेकल्या पाहिजेत आणि दोन फळ्यांमध्ये चार-पाच मिलिमीटरची फट सोडली पाहिजे. फळ्या अडीच सेंटीमीटरपेक्षा पातळ असतील, तर लांब पट्ट्यांच्या मधोमध एक आडवी पट्टी वरच्या कडेशी समतल बसवून तिचा आधार द्यावा. पाय त्या हिशेबाने थोडे लांब कापावेत. बाक सपाट जमिनीवर ठेवून डुगडुगत असेल, तर आखूड पायाखाली पाचर सारून तो स्थिर करावा, उरलेल्या तीन पायांवर पाचरीच्या उंचीएवढी खूण करावी आणि तेवढे तासावे.

मांडणी आणि टेबल

पुस्तकांची मांडणी करताना सगळा प्रश्न फळी मध्ये झुकण्याचा असतो. फळीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. उलट, जाडी तीच ठेवून दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले आणि फळी तशाच गच्च पुस्तकांनी भरली, तर ती सोळापट झुकते. दोन सेंटीमीटर जाडीच्या फळीला म्हणूनच ७५ सेंटीमीटरच्या आत आधार द्यावा. लांब फळी वापरायचीच असेल, तर तिच्या पुढच्या कडेखाली चार सेंटीमीटर रुंदीची पट्टी उभी चिकटवावी, झुकणे पुष्कळच कमी होते. मांडणीच्या पाठीला पातळ प्लाय ठोकल्याशिवाय ती कधीही बाजूला झुलायची थांबत नाही. कमरेपेक्षा उंच मांडणी भिंतीला स्क्रूने बांधणे आवश्यक आहे, कारण मुले तिच्यावर चढतात.

टेबलासाठी जुन्या दरवाजाची झडप सोयीची असते. जेवणाच्या किंवा लिहिण्याच्या टेबलाची उंची ७५ सेंटीमीटरच्या आसपास ठेवावी. झडप फळ्यांची असेल, तर ती खालच्या चौकटीला गोंदाने कधीही चिकटवू नये. चौकटीच्या पट्टीतली स्क्रूची भोके फळ्यांच्या रुंदीच्या दिशेने लांबट करावीत, म्हणजे फळ्यांना फुगायला आणि आक्रसायला जागा राहते. खिडकीचे जुने तावदान टेबलाची काच म्हणून वापरू नये. ती साधी काच असते आणि फुटली की तिचे लांब धारदार तुकडे होतात.

घासणे आणि पॉलिश

आधी ८० नंबरचा, मग १२० आणि शेवटी १८० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी शिरांच्या दिशेने, अशा क्रमाने घासावे. आडवे घासल्याचे ओरखडे पॉलिश लावल्यावरच दिसतात आणि तोवर उशीर झालेला असतो. पेटीच्या आणि पॅलेटच्या फळ्यांच्या कडांवर मात्र जास्त वेळ द्यावा, कारण कूस हाताला लागते ती तिथूनच. धारदार कड पॉलिश पेपरने नुसती गोलसर केली तरी पुरते. खिळ्यांची भोके बुजवायची तर त्याच लाकडाचा बारीक भुसा गोंदात कालवून भरावा. भोके भरायच्या तयार लांबीपेक्षा (पुट्टीपेक्षा) तो रंगाला अधिक मिळून येतो. माझ्या मते सगळीच भोके बुजवू नयेत. बसणाऱ्याच्या कपड्याला अडकणार नाहीत तेवढी भोके आणि जुन्या बिजागरीचा ठसा राहू दिला, तर लाकडाचे वय लपत नाही.

जुने पॉलिश शिल्लक असेल तर ते कशाचे आहे हे कापसाच्या बोळ्याने कळते. स्पिरिट लावल्यावर ते चिकट होऊन बोळ्याला लागले, तर ते लाखेचे आहे आणि त्यावर नवे लाखेचे पॉलिश चढते. उघड्या लाकडाला उकळलेले जवसाचे तेल चांगले. पातळ थर लावावा, पाऊण तासाने उरलेले तेल पुसून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावे. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकणे अतिशय धोक्याचे आहे. तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता निर्माण होते, ती बोळ्यात कोंडते, आणि कोणी काडी न लावता फडके पेट घेऊ शकते. फडकी उघड्यावर एकेरी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. जिथे ओली भांडी ठेवली जातील, त्या टेबलाला तेलाऐवजी पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्यावेत.

पायांच्या तळाचे कापलेले तोंड रंगवायचे राहून जाते, आणि फरशी पुसताना पाणी तिथूनच वर चढते. तिथे पॉलिशचे दोन जादा थर द्यावेत आणि नमदा किंवा रबराचा तुकडा चिकटवावा. पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा कोरडा हंगाम उलटल्यावर वस्तू उलटी करून सगळे स्क्रू एकदा तपासावेत. जे सैल झाले असतील ते आवळावेत, आणि ज्याची पकड गेली असेल तो काढून भोकात गोंद लावलेली चिपाटी ठोकावी व गोंद वाळल्यावर तोच स्क्रू पुन्हा बसवावा.